वडिलांसोबत मिळून आमच्या नात्यावर फिल्म करायची आहे, पण ते कॅमेऱ्यासमोर गप्प बसतात. कशी करू?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना खुर्चीवर बसवून तीनदा मुलाखत घेतलीत आणि तिन्ही वेळा 'सगळं ठीकच होतं' याच्या पुढे गाडी गेली नाही. माझंही अगदी हेच झालं होतं, म्हणून लिहितेय. आधी ती खुर्ची उचला. प्रश्न विचारला की आपल्याकडची बापमाणसं गप्प होतात, पण हातात काम असलं की कडेकडेने बोलतात.

आणि 'मिळून' हा शब्द तुम्ही वापरलाय, तो जरा तपासा. फिल्म वडिलांवर करायची असेल तर ती तुमची. मिळून करायची असेल तर कॅमेरा आणि कात्री, दोन्हींत त्यांचा वाटा हवा. फ्रान्सच्या ज्याँ रूश या माहितीपटकाराने 1961 साली समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँबरोबर पॅरिसमधल्या लोकांवर फिल्म केली, ती त्याच लोकांना दाखवली आणि त्यावरची त्यांची वादावादीही फिल्ममध्येच घातली. बाप-लेकीची जोडी हवी असेल तर इराणचे मखमलबाफ बघा. 1998 च्या 'सीब'मध्ये (म्हणजे सफरचंद) दिग्दर्शन समीराचं, लेखन-संकलन वडिलांचं, म्हणजे मोहसीन यांचं. आणि विषय तर मुलींना घरात कोंडून ठेवणाऱ्या बापाचा, त्या खऱ्या कुटुंबालाच घेऊन केलेला! आपल्या घरचं उदाहरण त्याहून जुनं. आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1919 साली 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण म्हणून स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला उभं केलं. सुरुवातीला ती नुसती चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. मला ती सुरुवातच जास्त आवडते. कॅमेऱ्यामागे बाप आहे हे तिथे विसरता येत नाही.

आता माझं. आमचं घर दांडिया बाजारात. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, अण्णा (माझे वडील) गच्चीवर पतंग उडवायचे आणि मी मांजाची फिरकी धरायची. भावाच्या हातात आठव्या वर्षी पतंग आला, माझ्या हातात लग्न होईपर्यंत फिरकी. फिरकी धरणाऱ्याला पतंग फारसा दिसत नाही, बापाची पाठ दिसते. फिल्म तिथूनच सुरू करायची असं मी ठरवलं. अण्णांना एवढंच म्हटलं, "या वर्षी पतंग मी उडवते, तुम्ही फिरकी धरा आणि दुसऱ्या हातात माझा मोबाईल." ते म्हणाले, "दोन्ही कसं जमेल? फिरकी पायात धरतो."

जमलं नाही. पहिल्या दिवशीचं निम्मं शूटिंग म्हणजे गच्चीची फरशी आणि माझ्या चपला. त्यात चारी गच्च्यांवर स्पीकर. हे आधीच सांगून ठेवते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं: मागे सिनेमाचं गाणं वाजत असेल तर नंतर शॉट मधून कापता येत नाही, गाणं उडी मारतं. शिवाय त्या गाण्याचे हक्क आपल्याकडे नसतात ते वेगळंच. शेवटी दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, पहाटे स्पीकर सुरू व्हायच्या आत गच्चीवर गेलो. वाऱ्याने माईक फडफडत होता, त्यावर अण्णांनी स्वतःचा जुना लोकरी मोजा चढवला. आवाज इतका स्वच्छ आला की अजूनही मी तो मोजाच वापरते.

खरी गोष्ट घडली ती संकलनात. मी काढलेला एक शॉट होता. अण्णा किन्ना बांधतायत, म्हणजे मांजा जोडायला पतंगाला बांधतात तो दोरा (तुमच्याकडे कणी म्हणत असतील). उदबत्तीने कागदाला भोकं पाडायची, कामटीला वळसा देऊन दोरा ओवायचा, वरचा-खालचा पदर बोटांनी मोजायचा आणि गाठ मारायची. आयुष्यभर न बघता केलेलं काम. आता हात थरथरतात, दोरा तीनदा निसटला. माझ्या मते सगळ्या फिल्ममधला तो सगळ्यात चांगला शॉट होता. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, बघून अण्णा म्हणाले, "हे काढ."

मी चिडले. दोन दिवस धड बोलले नाही. फिल्म दोघांची हे मीच लिहून दिलं होतं, आणि पहिल्याच नकाराला मला ती माझी एकटीची वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी अण्णाच एक पतंग आणि रीळ घेऊन आले. "तू बांध, मी काढतो." मग माझी बोटं, तोच गुंता, पाच वेळा सुटलेली गाठ, आणि मागून त्यांचा आवाज: "अगं, खालचा पदर जास्त... जास्त म्हटलं... तुला फिरकीच बरी होती." शेवटचं वाक्य म्हणून झाल्यावर ते थांबले. फोन चालूच होता. मग अगदी हळू, "नाहीतर मीच कधी शिकवलं नाही म्हणा." जे मुलाखतीत वर्षभर निघालं नव्हतं ते हे. त्यांचा शॉट गेला, हा आला.

म्हणून सुरुवातीलाच कागदावर लिहा: कोणता शॉट वगळायचा हे दोघांपैकी कोणीही सांगू शकतो, कारण न देता. नावं कशी द्यायची तेही तेव्हाच ठरवा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फिल्मचा कर्ता म्हणजे निर्माता, त्यामुळे निर्माते म्हणून दोघांची नावं घाला. आणि फिल्म कुठे दाखवायची हेही विचारा. मी ते विचारायला विसरले होते. अण्णांनी गल्लीतल्या गणपतीत पडद्यावर दाखवायला आनंदाने हो म्हटलं, पुढच्या रांगेत बसून बघितलीही, पण यूट्यूबला साफ नाही. म्हणून इथे लिंक देत नाहीये.