ओडिसी अशी मधेच सोडू नकोस

अगं,

तुझा मेसेज वाचला, चार भाग वाचून झाले तरी हीरोचा, ओडिसियसचा, पत्ता नाही म्हणून होमरचं ते ग्रीक महाकाव्य, ओडिसी, बाजूला ठेवलीस. प्लीज परत उघड, कारण अगदी पुढच्याच भागात तो येतो, आणि येतो कसा, तर ट्रॉय शहर पाडणारा हा एवढा डोकेबाज माणूस कॅलिप्सोच्या बेटावर समुद्राकडे बघत रडत बसलेला असतो. सात वर्षं अडकलाय तिथे. ती देवी आहे, माझ्याजवळ राहा तुला अमर करते म्हणतेय, आणि हा सरळ सांगतो की माझी बायको पेनेलोपी दिसायला तुझ्यापुढे काहीच नाही, ती तर मरणारी बाई, पण मला घरीच जायचंय.

आणि ते चार भाग कंटाळवाणे नाहीत गं. ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस साधारण तुझ्याच वयाचा, वडील गेले तेव्हा तान्हा होता, आता घरात १०८ जण ठाण मांडून बसलेत, त्याच्याच शेळ्या-डुकरं कापून खातायत, आईला आमच्यापैकी एकाशी लग्न कर म्हणतायत आणि याला काहीच करता येत नाहीये. घराची ही दशा आधी बघितली नाहीस तर हा माणूस परत येतोय याचं पुढे तुला काय वाटणार?

राक्षस, जादूगारीण, गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या सायरन, हे ज्याच्यासाठी सगळे ओडिसी वाचायला घेतात ते २४ पैकी फक्त चार भागांत आहे, नऊ ते बारा. तेही तो स्वतः जेवणाच्या मैफिलीत यजमानांना सांगतोय, त्यामुळे जरा सावध राहून वाच. त्यातलं वाऱ्यांचा राखणदार एओलस याचं प्रकरण मात्र घाई न करता वाच. वारे बांधलेली पिशवी मिळते, नऊ दिवस हा शिडाची दोरी दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही, दहाव्या दिवशी त्याचं बेट इथाका दिसतं, किनाऱ्यावर आग पेटवणारी माणसं दिसतात इतकी जवळ, आणि तेव्हा याला झोप लागते. सोबत्यांना वाटतं पिशवीत सोनं-चांदी आहे, उघडतात, वादळ सगळ्यांना परत मागे नेतं. लोक सोबत्यांनाच नावं ठेवतात, मला नाही पटत, पिशवीत काय आहे हे त्याने त्यांना एकदा तरी सांगायला नको होतं?

इथाकाला तो तेराव्या भागातच पोचतो, झोपलेला असतानाच किनाऱ्यावर आणून ठेवतात त्याला, आणि जाग आल्यावर स्वतःचंच बेट ओळखू येत नाही. म्हणजे जवळजवळ अर्धं काव्य घरी पोचल्यानंतरचं आहे! माझ्यासाठी खरी ओडिसी तीच. भिकाऱ्याच्या वेशात तो स्वतःच्याच दारात उभा, आर्गॉस कुत्रा ओळखतो आणि मरतो, म्हातारी दाई पाय धुताना मांडीवरच्या व्रणावरून ओळखते. वडिलांना तर व्रण दाखवून भागत नाही, तेव्हा लहानपणी बागेत त्यांनी याला दिलेली झाडं मोजून सांगतो, १३ नाशपाती, १० सफरचंद, ४० अंजीर, द्राक्षांच्या ५० ओळी. नुसती झाडांची यादी आहे, पण मला तिथे दरवेळी रडू येतं.

बाविसावा भाग तुला आवडणार नाही, आवडूही नये. शत्रूंना मारल्यावर घरातल्या १२ दासींना फाशी देतात, ते वाचून राग आला तर येऊ दे, हीरो आहे म्हणून त्याला माफ करायची काही गरज नाही.

आणि हो, मोठ्याने वाच, मुळात ऐकण्यासाठीच होतं ना हे. ‘गुलाबी बोटांची पहाट’ ही ओळ पुन्हापुन्हा येते त्याला वैतागू नकोस, गाणाऱ्यांची ती पद्धतच होती, ठरलेल्या ओळी हाताशी असल्या की पुढचं रचता येतं.

तेविसाव्यात पलंगाचा प्रसंग आहे, तो झाला की लगेच फोन कर. पेनेलोपीला तो कोण आहे हे आधीच कळलं होतं की नाही यावर अभ्यासकसुद्धा अजून भांडतात. मला विचारशील तर कळलं होतं, निदान एकोणिसाव्या भागापासून तिला शंका होती, तू तुझं मत पक्कं करून ये, मग बोलू.