रोज बातम्या वाचल्याने शाळेच्या अभ्यासात खरंच फायदा होतो का?

तू लिहिलंयस की नववीत आहेस, बाबा रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसवतात, सर म्हणतात आधी पुस्तक संपव, आणि यातलं कोणाचं ऐकावं ते तुला कळत नाही. मीही शाळेतच आहे, तुझ्या जराशी पुढे. म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

सरळ सांगते, बातम्या वाचून मार्क वाढत नाहीत. निबंधात एखादं वाक्य भारी पडतं, तेवढंच. सामान्य ज्ञान वाढतं असं सगळे म्हणतात, पण ते म्हणजे कुठल्या देशाचा अध्यक्ष कोण झाला हे पाठ असणं. त्याने प्रश्नमंजूषेत पेन मिळतं. परिपाठात जे ठळक बातम्यांचं वाचन होतं त्यावर तर माझा काडीचा विश्वास नाही. वाचणारा घाईघाईत वाचून टाकतो, ऐकणारे या पायावरून त्या पायावर होत उभे असतात, आणि पाच मिनिटांनी विचारलं तर बातमी वाचणाऱ्यालासुद्धा सांगता येत नाही.

तरी मी वाचते, आणि तूही वाच असंच म्हणेन. वर्गात शिकलेलं आपल्याला खरंच कळलंय का, हे बातमीइतकं चोख कोणतीच चाचणी तपासत नाही. मला हे वर्गाबाहेर उभं असताना कळलं, आणि तुझ्या सरांचं वाक्य वाचून ते सगळं परत वर आलं, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

२०२५ च्या सुरुवातीची गोष्ट. ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह आठवत असेल तुला. २७ डिसेंबर २०२४ ला तो चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला सापडला, आणि जानेवारी संपता संपता बातमी आली की २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एक टक्क्याच्या वर गेली आहे. आकाराचा तेव्हाचा अंदाज ४० ते ९० मीटर. म्हणजे जग बुडवणारा नव्हे, पण एखाद्या शहरावर पडला तर त्या शहराचं काही खरं नाही. मग आकडा चढत गेला. दोनच्या वर गेला, आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के झाला. २००४ मध्ये अपोफिस नावाच्या लघुग्रहाचा आकडा २.७ पर्यंत गेला होता, तोही यात मागे पडला.

आमच्या वर्गात तेव्हा नेमका संभाव्यतेचा धडा चालू होता. दोन फासे टाकले तर बेरीज सात येण्याची संभाव्यता काढा. नमुना अवकाशातले, म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या निकालांतले, घटक मोजा, घटनेचे मोजा, भागाकार करा. सहा छेद छत्तीस, म्हणजे एक छेद सहा, पुढचं उदाहरण. मागच्या बाकावरच्या एकाने हात वर केला. ‘सर, लघुग्रहाचं एकावरून तीनवर गेलं. असंच वाढत जाऊन शंभर होणार का?’ प्रश्न बावळट वाटतो, पण अर्ध्या वर्गाच्या मनात तोच होता, माझ्याही.

सर म्हणाले, ‘हा गणिताचा तास आहे, बातम्यांचा नाही.’

मी मध्ये तोंड घातलं. ‘पण सर, ही संभाव्यताच आहे ना?’

‘पेपरात येणार आहे का हे?’

‘आलंय की सर. पहिल्याच पानावर.’

वर्ग हसला, मी उरलेला तास बाहेर. बाहेर उभं राहण्याचं मला काही वाटलं नाही. चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. फळ्यावर नमुना अवकाश लिहिलेला होता, त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच होतं, आणि हातात खडू असलेल्या माणसाने ते दिलं नाही.

उत्तर मी मग ग्रंथालयात बसून, खगोलशास्त्रज्ञांची स्पष्टीकरणं वाचून जुळवलं. तुलाही करून बघता येईल. वही घे.

लघुग्रह नुकताच सापडला असेल तर त्याची कक्षा नेमकी माहीत नसते. त्यामुळे २०३२ मधल्या त्या दिवशी तो अमुक जागी असेल असं सांगता येत नाही. एका लांबलचक पट्ट्यात कुठेतरी असेल, इतकंच सांगता येतं. वहीत १६ सेंटीमीटरची आडवी रेघ मार. तो पट्टा. तिच्यावर मधोमध न देता एका बाजूकडे २ मिलिमीटरचा ठिपका दे. ती पृथ्वी. ठिपका भागिले रेघ, २ छेद १६०, म्हणजे सव्वा टक्का. आता दुर्बिणींनी आणखी निरीक्षणं घेतली आणि पट्टा आखूड झाला. रेघ दोन्ही टोकांकडून खोडत ये, ठिपका मात्र आत राहू दे. समज ६५ मिलिमीटर उरली. २ छेद ६५ कर. ३.१ टक्के! पृथ्वी जागच्या जागी, लघुग्रह आपल्या त्याच वाटेने चाललेला, फक्त छेद, म्हणजे नमुना अवकाश, लहान झाला. अजून खोडत जा. ठिपका रेघेच्या टोकाशी येईल, मग कधीतरी रेघेबाहेर पडेल, आणि उत्तर शून्य. आकडा आधी चढायचा आणि मग धाडकन कोसळायचा, हे अशा लघुग्रहांच्या बाबतीत नेहमीचंच आहे.

झालंही तसंच. १९ फेब्रुवारीला १.५ आणि २४ तारखेपर्यंत ०.००४ टक्के. (खऱ्या गणितात रेघेवरच्या सगळ्या जागांना सारखं वजन नसतं, मध्ये जास्त आणि टोकांना कमी असतं. म्हणून ठिपका टोकाशी आला की अजून रेघेवर असूनही आकडा घसरायला लागतो.)

गंमत अशी की चढल्याची बातमी पहिल्या पानावर होती आणि उतरल्याची आतल्या पानात, बोटभर. वर्गात लगेच सुरू झालं, बघा, हे शास्त्रज्ञ उगाच घाबरवतात. त्यात तो मागच्या बाकावरचा मुलगाही होता. मधल्या सुट्टीत मी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर रेघ मारून खोडून दाखवली. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत होता. मग म्हणाला, ‘एवढंच होतं तर सरांनी का नाही सांगितलं?’

सरांची बाजूही सांगते, कारण नंतर वर्षभर आमचा हा वाद अधूनमधून चालूच होता. त्यांचं म्हणणं, वर्गात इतकी मुलं, धडे राहिलेले, प्रत्येक बातमीवर थांबलो तर वर्ष संपेल आणि पालक विचारायला येतील. ठीक आहे. पण रेघेला दोन मिनिटं लागली असती. दोन फाशांची बेरीज सात येईल का, असं मला आजवर शाळेबाहेर कोणी विचारलेलं नाही. टक्के मात्र रोज कोणी ना कोणी तोंडावर फेकतं. पावसाची शक्यता अमुक टक्के, आजाराचा धोका दुपटीने वाढला, अमुक पक्षाला इतकी टक्के मतं मिळणार. दुपटीने वाढला म्हणजे किती होता आणि किती झाला, हे विचारायला ज्याला सुचत नाही त्याला संभाव्यतेत पैकीच्या पैकी मिळाले काय आणि नाही मिळाले काय.

भूकंपाचंही तेच. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात एकाच दिवशी दोन मोठे भूकंप झाले, एक ७.८ आणि दुसरा ७.५ तीव्रतेचा. वाचणाऱ्याला वाटतं, जवळपास सारखेच. पण त्या मापात एक अंक वाढला की कंपनांचा आवाका दसपट होतो आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. त्या ०.३ च्या फरकाने पहिल्या भूकंपाची ऊर्जा दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट ठरते. हे माप लॉगॅरिदमवर, म्हणजे दहाचा कितवा घात ते मोजण्यावर, बेतलेलं आहे. पण लॉगॅरिदम शिकताना आम्ही तक्त्यातून किमती शोधण्यात सगळे तास घालवले, भूकंपाचं नाव एकदाही निघालं नाही. आणि भूगोलात भूकंप आला तेव्हा लॉगचं नाव निघालं नाही.

कधी कधी पुस्तकच मागे पडतं, हेही लक्षात ठेव. माझ्या दादाच्या जुन्या पुस्तकात किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल, असं आहे. २० मे २०१९ पासून ते संपलं, आता किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या संख्येवरून, ठरतो. दादाला हे माहीतच नव्हतं, आणि तो आमच्या घरातला हुशार. परीक्षेत मात्र तुझ्या पुस्तकात जे छापलंय तेच लिही, तिथे शहाणपणा नको.

कसं वाचायचं ते तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. सगळं वर्तमानपत्र वाचू नकोस. एखादी बातमी धर, जिच्यात आकडा, नकाशा किंवा ‘का’ असेल, आणि ती संपेपर्यंत सोडू नकोस. पहिल्या पानावरून ती आतल्या पानात जाईल, मग गायब होईल, तेव्हा पुढे काय झालं ते तू शोध. ती कुठल्या धड्यात बसते ते बघ. बसत नसेल तर कुठल्या धड्यात बसायला हवी होती ते बघ, त्यात जास्त मजा आहे. मोबाइलवर वर येणाऱ्या ओळी सरकवत राहणं याला मी वाचन म्हणत नाही, त्यात सगळ्या बातम्या ‘आकडा चढला’वाल्याच असतात.

आता जरा आवरतं घेते. मला आकडे आवडतात, म्हणून माझी सगळी उदाहरणं तशीच आली. तुला भाषा किंवा इतिहास आवडत असेल तर तुझं वाचन वेगळं असेल, असावं. दुसरं म्हणजे, नमुना अवकाश मला सरांनीच शिकवला होता, आणि तो पक्का नसता तर ग्रंथालयात कितीही वेळ बसून मला ती रेघ सुचली नसती. त्यामुळे ‘आधी पुस्तक’ हे तुझ्या सरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, ‘फक्त पुस्तक’ म्हणाले तर मात्र ऐकू नकोस. बाबांना म्हणावं, नुसतं बसवू नका, एखादी बातमी माझ्याबरोबर वाचा आणि त्यातला आकडा मला समजावून सांगा. त्यांनाही नाही जमला तर दोघं मिळून वही घ्या.

वेळेचं म्हणशील तर पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. आणि वार्षिकच्या आधीचा महिना हे सगळं खुशाल बंद ठेव. बाबा ऐकत नसतील तर हे उत्तर दाखव, वरचा पेपरवाला भाग तेवढा सोडून.