वीस दिवसांचा शिधा

प्रश्न : माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९४४ साली मणिपूरमध्ये लढले. ते सांगायचे, "जपानी शिपाई मरणाला भीत नव्हता, पण त्याच्या पोटात काही नसायचं. विमानातून आमच्यासाठी टाकलेले डबे तो पळवायचा." एवढं शिस्तीचं सैन्य अशा तुटपुंज्या शिदोरीवर डोंगर ओलांडून आलंच कसं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आजोबा बहुधा मणिपूरमधल्या सांगशाक गावी असावेत. मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन मार्च १९४४मध्ये तिथे वेढ्यात लढली आणि विमानांनी टाकलेली बरीच रसद खरोखरच जपान्यांच्या बाजूला पडली. पण तेव्हा त्यांना ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून पंधरा दिवसही झाले नव्हते. शत्रूच्या डब्यांवर जगायचं, हे त्यांच्या बेतातच होतं.

या मोहिमेचे जपानी सेनापती जनरल मुतागुची यांनी तीन डिव्हिजन साधारण वीस दिवसांच्या शिध्यावर धाडल्या. तेवढ्यात इंफाळ पडेल आणि पुढे इंग्रजांच्याच कोठारांतून जेवू, असा हिशेब. तो अगदीच हवेतला नव्हता. १९४२मध्ये मलायात आणि ब्रह्मदेशात तसंच घडलं होतं : पाठीमागचा रस्ता अडवला की इंग्रजी फौज हटायची, भरलेली गोदामं मागे राहायची. मुतागुचींच्या डोळ्यांसमोर तोच, दोन वर्षांपूर्वीचा शत्रू होता.

त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, असं मात्र नाही. त्यांचेच चीफ ऑफ स्टाफ ओबाता हे वाहतुकीतले जाणकार. या डोंगरांतून रसद पोचणार नाही, हे त्यांनी १९४३मध्येच बजावलं. त्यांची उचलबांगडी झाली. मग फेब्रुवारी १९४४मध्ये ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या आराकानात इंग्रजी-हिंदी फौज वेढली गेली, तरी हटली नाही. विमानांनी तिला खाऊ घातलं आणि वेढा घालणारे जपानीच उपाशी परतले. दोन आठवड्यांनी इंफाळची मोहीम सुरू झाली, जुन्याच हिशेबावर. सोबत हजारो गुरं हाकत नेली होती, ओझ्याला आणि खायला. त्यांतली कितीतरी चिंदविनमध्येच बुडाली.

कोहिमावर गेलेल्या डिव्हिजनचे सेनापती सातो रसद मागून मागून थकले. मेअखेरीस त्यांनी हुकूम मोडून माघार घेतली. माझ्यावर खटला चालवा, ही त्यांची स्वतःची मागणी होती. खटला उभा राहिला असता तर शिध्याचा हिशेब चव्हाट्यावर आला असता. त्यांना मानसिकदृष्ट्या अस्वस्थ ठरवून प्रकरण मिटवलं.

मला सर्वांत जास्त चीड येते ती ६ जूनच्या भेटीची. मुतागुची आणि त्यांचे वरिष्ठ कावाबे समोरासमोर बसले. मोहीम फसली आहे, हे दोघांनाही कळत होतं. मुतागुचींनी नंतर सांगितलं, की कावाबेंनी आपल्या चेहऱ्यावरून ओळखावं अशी त्यांची इच्छा होती. तोंडाने ते बोलले नाहीत आणि कावाबेंनीही विचारलं नाही. मोहीम थांबली जुलैच्या सुरुवातीला.

जूनचा तो सगळा महिना मणिपुरात पाऊस कोसळत होता. सुमारे ८५ हजारांपैकी ३० हजारांच्या आसपास जपानी मेले, बहुतेक भुकेने, मलेरियाने, हगवणीने. सोबतच्या आझाद हिंद सेनेच्या जवानांचेही तेच हाल झाले. चिंदविनकडे परतणाऱ्या त्या वाटेला जपानी लोक 'पांढऱ्या हाडांचा रस्ता' म्हणतात.