अँटीबॉडी "कुठे चिकटते" एवढ्यावर पेटंट मिळतं का?

अमेरिकेपुरतं विचारत असाल तर आता अवघड आहे, आणि त्याचं कारण म्हणजे अ‍ॅमजेन विरुद्ध सानोफी केस, सुप्रीम कोर्टाचा निकाल १८ मे २०२३ चा, तोही एकमताने.

मामला कोलेस्टेरॉलच्या इंजेक्शनचा. पीसीएसके९ नावाचं प्रोटीन लिव्हरवरच्या एलडीएल रिसेप्टरला चिकटतं आणि मग ते रिसेप्टर नष्ट होतात, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलायला कोणी उरत नाही. अ‍ॅमजेनचं रेपाथा आणि सानोफी-रीजेनेरॉनचं प्रालुएंट, दोन्ही अँटीबॉडीज हेच चिकटणं अडवतात. दोघींची अमिनो अ‍ॅसिडची साखळी वेगळी आणि त्यावर दोघांचे स्वतंत्र पेटंट होते, तिथे भांडण नव्हतंच. पण २०१४ मध्ये अ‍ॅमजेनने आणखी दोन पेटंट मिळवले, त्यात दावा असा की पीसीएसके९ वरच्या या १५ ठिकाणांपैकी काहींना चिकटून त्याचं रिसेप्टरला चिकटणं अडवणारी कुठलीही अँटीबॉडी आमची! पेटंटमध्ये साखळ्या दिल्या होत्या फक्त २६, बाकी तुम्ही आमच्या पद्धतीने बनवा आणि तपासून बघा. म्हणजे सातबारा दोन गुंठ्यांचा आणि कुंपण अख्ख्या शिवाराला.

न्यायमूर्ती गोर्सच यांनी लिहिलं की जेवढं मागताय तेवढं सगळं दुसऱ्याला बनवता आलं पाहिजे, नुसतं 'करून बघा' सांगून भागत नाही. मला हे पटतं, कारण साखळीत एक अमिनो अ‍ॅसिड बदललं तरी अँटीबॉडी चिकटेलच याची गॅरंटी नसते.

त्यामुळे पेटंट ड्राफ्ट करताना सीडीआरच्या (म्हणजे अँटीबॉडीच्या प्रत्यक्ष चिकटणाऱ्या भागांच्या) साखळ्या नीट लिहा, फक्त एपिटोपच्या (म्हणजे ती जिथे चिकटते त्या जागेच्या) भरवशावर राहू नका.