विचारलं एक, सांगितलं भलतंच

प्रश्न: ताई, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, सातपूर एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे. काम सगळं येतं पण इंटरव्ह्यूला बोलायला लागलो की थांबताच येत नाही, अंबडला तर साहेब मधेच म्हणाले, मुद्द्याचं बोला. आता सिन्नरहून कॉल आलाय. काय करू?
– एक वाचक, सिडको

उत्तर: भाऊ, समोरचा क्वालिटी मॅनेजर लाइनवरची कामं सोडून आलेला असतो, फोन सारखा वाजत असतो आणि बाहेर अजून पोरं ताटकळत बसलेली, त्यामुळे त्याला उत्तर पहिल्याच वाक्यात पाहिजे. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारला तर '0.02 मिमी सर', बास. आपण मेन स्केलपासून सुरू करतो, मग कॉलेजची लॅब, मग तिथले सर, तोवर त्याला वाटतं ह्याला येतच नाहीये! मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट 0.01 मिमी का, हे त्याला हवं असेल तर तोच विचारेल, तेव्हा सांग की पिच, म्हणजे एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर, अर्धा मिमी आणि थिंबलवर, म्हणजे फिरवायच्या नळीवर, 50 भाग.

खरी गडबड उत्तर झाल्यावर होते. साहेब खाली बघून काहीतरी लिहितात, आपल्याला वाटतं चुकलं, आणि आपण परत सुरू. अरे लिहू दे की त्यांना! गप्प बस.

'एखादा प्रॉब्लेम कसा सोडवला' ह्याला मात्र मिनिटभर घे. एचआरवाले ज्याला स्टार म्हणतात तेच, सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट. म्हणजे बोअर (पार्टमधलं भोक) अंडरसाइज, मापापेक्षा लहान, यायला लागला, कारण शोधायचं काम माझ्याकडे होतं, बघितलं तर इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) घासलेला, ऑपरेटरला सांगून तो बदलून घेतला, दर तासाला चेकिंग लावलं, रिजेक्शन थांबलं. आणि 'आम्ही केलं, आम्ही केलं' नको, तू काय केलंस ते सांग, आपल्याकडे 'मी' म्हणायला उगाच लाजतात पोरं.

स्वतःबद्दल सांगा म्हणाले की वडील काय करतात, गाव कोणतं, दहावीचे मार्क हे सगळं सोड. डिप्लोमा, आत्ताचं काम, कोणते पार्ट, कोणती गेजेस, संपलं. सीएमएम, म्हणजे पार्टची मापं घेणारं कम्प्युटरवालं मशीन, वापरलं नसेल तर सरळ 'नाही सर, पण शिकायची तयारी आहे' म्हण.

आणि पगाराचं निघालं तर आकडा सांग, घराचे हप्ते नको.