ट्रकचा गिअरबॉक्स दोन माणसांनी हातावर उतरवून खोलला तर चालतो का?

नाही चालत. 'आमच्याकडे असंच करतात' असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं, त्यांच्या हाताखाली काम शिकू नका.

नाशकात आडगाव नाक्याजवळच्या एका गॅरेजात मी हेल्पर होतो. द्राक्षांचा सीझन, मुंबईला निघालेली दहाचाकी आमच्याकडे ओढून आणलेली. गाडीमालकाचे फोनवर फोन. अशा गाडीचा बॉक्स शंभर किलोच्या बराच पुढे जातो, पण गॅरेजच्या शेठनी ट्रान्समिशन जॅक, म्हणजे गिअरबॉक्स पेलून खाली घ्यायचा जॅक, घेतलेला नव्हता. चेसीवरून दोर टाकला, आम्ही दोघं खाली आडवे झालो आणि बेल हाउसिंगचे, म्हणजे बॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या कव्हरचे, बोल्ट सोडायला घेतले. शेवटचा बोल्ट निघाला तरी बॉक्स मागे येईना. दोरावर तो तिरका झाला होता, त्यामुळे बॉक्सच्या पुढे आलेला इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या स्प्लाइनमध्ये, म्हणजे मधल्या खाचांमध्ये, आवळून बसला होता. मिस्त्रीने टॉमी (लोखंडी पहार) घातली. शाफ्ट एकदम सुटला, बॉक्सची मागची बाजू धाडकन खाली आली आणि माझ्या शेजारी पडलेल्या पोराचा हात बॉक्स आणि चेसीच्या आडव्या पट्टीच्या (क्रॉस मेंबर) मध्ये सापडला. दोन बोटं गेली.

शेठ म्हणाले, "त्याने हात तिथे ठेवलाच कशाला?" अहो, वजन हातावर पेलायला तुम्हीच सांगितलं, मग हात दुसरीकडे कुठे असणार? नंतरही भेटले की ते हेच म्हणायचे, आणि मीही दर वेळी हेच उत्तर दिलं.

बॉक्स जॅकवर घ्या, जॅकला साखळीने बांधा आणि सरळ रेषेत मागे ओढा. बेल हाउसिंगच्या दोन बोल्टांच्या जागी लांब स्टड लावले की बॉक्स तिरका होत नाही. अडकला तर टॉमी घालू नका, जॅकची उंची थोडी वर-खाली करून बघा. शाफ्ट प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत वजन त्याच्यावर लटकू द्यायचं नाही, नाहीतर क्लच प्लेटही वाकते.

खोलताना बॉक्स स्टँडवर किंवा भक्कम टेबलावर पाचर लावून ठेवा. टॉप कव्हर उचलताना त्यातल्या स्प्रिंगा आणि गोळ्या उडतात, सर्क्लिपही (शाफ्टवरची स्प्रिंगची कडी) उडते, त्यामुळे चष्मा हवाच. बेअरिंग पुलरनेच, म्हणजे ओढून काढायच्या अवजारानेच, काढायचं. बेअरिंगच्या कडक रेसवर (कड्यावर) हातोडा मारला की पोलादाची कपची उडते आणि थेट डोळ्यात जाते. ठोकायची वेळ आलीच तर पितळेचा ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) घ्या. मुख्य शाफ्टच्या बाजूला दोन काउंटर शाफ्ट असलेला बॉक्स असेल तर काढण्याआधी टायमिंगच्या, म्हणजे एकमेकांशी जुळवलेल्या, दातांवर खुणा करा, नाहीतर जोडताना पंचाईत होईल.

एक आधी सांगायला हवं होतं: बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मोकळी होते, म्हणून आधी चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा. बॅटरीची तार काढा. धावून आलेल्या गाडीचं ऑइल लगेच सोडू नका, भाजतं. आणि हे सगळं साध्या मॅन्युअल बॉक्सचं झालं. हवेच्या दाबावर गिअर पडणारा बॉक्स असेल तर टाकीतली हवा आधी सोडा आणि त्या गाडीचं कंपनीचं मॅन्युअल बघूनच हात लावा.

जॅक महाग पडतो असं तुमचे शेठ म्हणत असतील, तर काम नाकारा. नाशकात मेकॅनिकला काम मिळतं.