शब्द पाठ करू नकोस, त्यांची संगत बघ

रोज पन्नास इंग्रजी शब्द पाठ करायचा तुझा बेत आधी रद्द कर. मीही तो केला होता; आठवड्यात वही भरली, डोकं रिकामंच. रोज पाच-सहा शब्द पुष्कळ झाले, पण प्रत्येक शब्द कोणाच्या संगतीत येतो ते बघ. पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’. उलट केलंस की कानाला खटकतं. अर्थाची छटाही तितकीच महत्त्वाची. ‘नोटोरियस’ म्हणजे प्रसिद्ध असं समजून मी एकदा साहेबांची स्तुती केली होती. त्यांनी फक्त भुवया उंचावल्या! खरा अर्थ कुप्रसिद्ध.

इंग्रजी शब्दांतले लॅटिन धातू, म्हणजे त्यांची मुळं, ओळखायला लाग. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणं, हे कळलं की इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर, रिट्रॉस्पेक्ट एकाच घरातले वाटतात. ‘सर्कमस्पेक्ट’ म्हणजे चहूकडे पाहणारा, म्हणजेच सावध.

सुरुवात कुठून? अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अकॅडमिक वर्ड लिस्ट, म्हणजे अभ्यासाच्या इंग्रजी लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी, घे. ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेले शब्द) आहेत, वर्षभर पुरतील. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. अर्थ झाकून आठवायचा, नुसता वाचायचा नाही. आणि नवा शब्द त्याच दिवशी स्वतःच्या एखाद्या वाक्यात वापर, वाक्य कितीही वेडंवाकडं झालं तरी.